दर्यातली ठेव

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

कुणी भाकऱ्या थापता थापता ऐकत असाल, कुणी गटाच्या बैठकीत एकत्र बसून ऐकत असाल. आम्ही सिंधुदुर्गातल्या एका मच्छीमार वाडीतल्या बचत गटाच्या सदस्या. आमच्यातल्या कुणी मासे विकतात, कुणी सुकवतात, कुणी ओहोटीला खडपात जाऊन कालवं काढतात. नवरे, मुलगे, दीर होडीवर जातात. समुद्रात काय चाललंय ते आम्हाला सगळ्यात आधी टोपलीतून कळतं.

टोपली काय सांगते ते ऐका. पूर्वी खडपातल्या माशांचा वाटा लावला की त्यात तीन-चार मासे बसायचे. आता त्याच वाट्यात दहा-बारा मासे ठेवावे लागतात, तरी वजन भरत नाही. तांबोशी वीतभर झाली की मोठी म्हणायची वेळ आली आहे. गिऱ्हाईक विचारतं, “काकी, मोठा नाय काय?” आणि आम्ही बाजाराला दोष देतो, पावसाला दोष देतो, नाहीतर शेजारच्या बंदरातल्या बोटींना.

मध्यंतरी आमच्या वाडीत सभा झाली. विषय होता, समुद्रातला काही भाग मासेमारीला बंद ठेवावा का. बाहेरून आलेल्या माणसांनी नकाशा दाखवला, चांगलं समजावलं. तेव्हा आमच्या गटातल्या सगळ्यात वयस्क काकी उठल्या आणि म्हणाल्या, “आमचो दर्यो बंद करून आमी काय खावचा?” सभेत एकदम शांतता पसरली. त्या प्रश्नाचं उत्तर नकाशावर नव्हतं.

तो प्रश्न आम्ही घरी घेऊन आलो. गटाच्या चार बैठकांत त्यावरच बोललो. शिकलेल्या मुलींनी वाचून दाखवलं, जाणत्या माणसांना विचारलं. जे समजलं ते आज तुमच्यासमोर मांडतो. काकींचा प्रश्न बाजूला ठेवून नाही, तो मध्ये ठेवूनच.

आधी खडपाविषयी थोडं. मंगळसूत्रात किंवा अंगठीत पोवळं असतं ते तुम्हाला माहीत आहे. त्याच्या नात्यातले इवलेसे जीव समुद्रात लाखोंनी एकत्र राहतात, चुन्याची घरं बांधतात, आणि पिढ्यानपिढ्या घरावर घर चढत जाऊन त्याचा खडक होतो. त्याला प्रवाळ म्हणतात. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास असे प्रवाळ आहेत. विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरच्या आसपास खोल समुद्रात आंग्रिया बँक नावाचं मोठं बुडालेलं पठार आहे, तिथेही आहेत.

प्रवाळाच्या खडपात माशांचं एक गावच वसलेलं असतं. गावात जशी ज्याची त्याची कामं, तशीच तिथे. पोपट मासा चोचीने खडकावरचं शेवाळ खरवडून खातो. शेवाळ साफ राहिलं तर प्रवाळाच्या पिल्लांना बसायला जागा मिळते. काही मासे प्रवाहातून येणारे बारीक जीव टिपतात. काही रात्री निघतात, काही दिवसा. गोबरा, हेकरू, तांबोशी हे शिकारी, ते लहान माशांची संख्या आटोक्यात ठेवतात. यातलं एक काम करणारं कुणी उरलं नाही की गावाची घडी विस्कटते. आपल्या वाडीतला न्हावी, सुतार, सुईण एकदम निघून गेले तर काय होईल, तसंच.

आणि मासेमारीत सगळ्यात आधी कोण जातं? मोठा मासा. कारण त्याला भाव आहे. इथे एक गंमत सांगतो, गंमत आहे आणि काळजीही आहे. गोबऱ्याच्या कुळातले बरेचसे मासे जन्माला मादी म्हणून येतात आणि वाढून मोठे झाल्यावर त्यातले काही नर होतात. म्हणजे सगळे मोठे मासे उचलले तर खडपात नरच उरत नाहीत. नुसत्या माद्या राहिल्या तरी वंश कसा वाढणार?

मोठी मादी गेली तर त्याहून मोठं नुकसान. मेक्सिकोच्या आखातातल्या तांबोशीच्या एका जातीचा हिशेब तज्ज्ञांनी मांडला आहे. ६१ सेंटीमीटर लांबीची एक मादी जेवढी अंडी घालते, तेवढी घालायला ४२ सेंटीमीटरच्या २१२ माद्या लागतात. लांबीत फरक वीतभराचा, अंड्यांत फरक दोनशे पटींचा! आम्ही हे वाचलं तेव्हा आमच्यातली एकजण म्हणाली, “म्हणजे आपण मोठी तांबोशी विकतो तेव्हा मासा विकत नाही, बियाण्याची कणगी विकतो.”

आता मूळ प्रश्न. एक तुकडा राखला, तर बाहेर मासे धरणाऱ्यांना काही मिळतं का? याची एक जुनी आणि नीट लिहून ठेवलेली गोष्ट फिलिपाइन्स देशातली आहे. तोही आपल्यासारखा, भात आणि मासे खाणारा, छोट्या होड्यांचा देश.

तिथे डुमागेटी शहरात सिलिमन विद्यापीठ आहे. तिथले सागरी शास्त्रज्ञ अँजेल अल्काला यांच्या पुढाकाराने १९७४ साली सुमिलॉन नावाच्या एका छोट्या, वस्ती नसलेल्या बेटाभोवतीच्या खडपाचा साधारण चौथा हिस्सा मासेमारीला बंद केला गेला. बाकीचे तीन हिस्से खुले. काही वर्षांत बंद भागात मासे दाटीने दिसू लागले आणि खुल्या भागातही मच्छीमारांना चांगलं मिळू लागलं.

जवळच आपो नावाचं दुसरं बेट आहे. तिथे काही शे माणसं राहतात, आणि जवळजवळ सगळे मासेमारीवर जगणारे. सत्तरच्या दशकात त्यांची अवस्था वाईट होती. आजूबाजूला सुरुंग लावून मासे मारणं, विष सोडणं, खडकावर वजनं आपटून मासे जाळ्यात हाकलणं, असले प्रकार चालायचे. घराजवळचं खडप ओसाड होत चाललं होतं, म्हणून होड्या वल्हवत लांब जावं लागायचं. अल्काला आणि त्यांचे सहकारी या बेटावर येऊन बोलू लागले. एका सभेत ठराव झाला असं नाही. बोलणं तीन वर्षं चाललं. बेटावरच्या लोकांनाही काकींसारखाच प्रश्न पडला होता. तेव्हा त्यांच्यातल्या काहींना सुमिलॉनला नेऊन पाण्यातले मासे दाखवले. डोळ्यांनी पाहिल्यावर थोडी कुटुंबं तयार झाली आणि १९८२ साली आपोच्या लोकांनी स्वतः एक तुकडा निवडला. केवढा? जेमतेम साडेचारशे मीटर किनाऱ्यासमोरचा. बेटाभोवतीच्या खडपाचा दहावा हिस्सा. किनाऱ्यावर एक माणूस बसला तरी राखण होईल एवढाच.

नऊ हिस्से खुले, एक हिस्सा बंद. हे प्रमाण लक्षात ठेवा मैत्रिणींनो. “दर्यो बंद” आणि “दर्याचा एक कोपरा बंद” यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पुढे काय झालं? अल्काला आणि ऑस्ट्रेलियातले गॅरी रस यांनी वर्षानुवर्षं त्याच जागी बुडी मारून मासे मोजले. तिथल्या मच्छीमारांच्या मिळकतीत सगळ्यात मोठा वाटा दोन कुळांचा आहे. एक, शेपटीच्या बुडाशी सुरीसारखा काटा असलेले मासे. दुसरं, चांदीच्या रंगाचे चपळ शिकारी मासे. १९८३ पासून २००१ पर्यंत, अठरा वर्षांत, राखलेल्या तुकड्यात या दोन कुळांचं एकूण वजन तिप्पट झालं. आणि बाहेर? बंदीच्या हद्दीपासून दोनशे-अडीचशे मीटरच्या पट्ट्यात मासे वाढत गेले. त्यापलीकडे तेवढे वाढले नाहीत. याचा अर्थ उघड आहे, आत दाटी झाली तसे मासे हद्द ओलांडून बाहेर येत होते. माशाला हद्द कुठे ठाऊक! बेटावरचे मच्छीमार लांब जायचे ते घराजवळच गळ टाकू लागले. कमी वेळात, कमी कष्टात चूल पेटेल एवढं मिळू लागलं.

या कामाबद्दल अल्काला यांना १९९२ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण त्या अठरा वर्षांत एक गोष्ट फार सावकाश झाली, ती आम्हाला महत्त्वाची वाटते. सगळे मासे एकाच वेगाने वाढले नाहीत. लवकर वाढणारे, लवकर अंडी घालणारे आधी परतले. गोबरा, तांबोशी यांच्यासारखे मोठे शिकारी हळूहळू आले आणि अठराव्या वर्षीही त्यांची वाढ चालूच होती. पेरूचं झाड तीन वर्षांत फळ देतं, फणसाला वाट बघावी लागते. कुणी तुम्हाला सांगेल की दोन वर्षं बंद ठेवा आणि टोपल्या भरून घ्या, तर ते खरं मानू नका.

दुसरा फायदा डोळ्यांना दिसत नाही. माशांची अंडी आणि पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत जातात. एका खडपात जन्मलेलं पिल्लू कुठल्या कुठे जाऊन रुजतं. ऑस्ट्रेलियातल्या केपल बेटांजवळ शास्त्रज्ञांनी लहान माशांचे आईबाप डीएनए तपासणीने शोधून काढले. तपासणी दोन जातींची केली. एक हेकरूच्या कुळातली, एक तांबोशीच्या. तिथे राखलेलं खडप एकूण खडपाच्या २८ टक्के होतं, पण तीस किलोमीटरच्या परिसरात नव्याने आलेल्या पिल्लांपैकी जवळजवळ निम्मी पिल्लं त्या राखलेल्या खडपातल्या आईबापांची निघाली. हे २०१२ साली प्रसिद्ध झालं. पावपेक्षा थोडी जास्त जागा आणि निम्मं बियाणं. म्हणजे ती तांबोशीची कणगी तिथे शाबूत राहिली होती.

आपल्या गटाच्या भाषेत सांगायचं तर राखलेलं खडप म्हणजे मुद्दल आणि बाहेर येतात ते मासे व्याज. आपण दर महिन्याला बचत भरतो, ती लगेच काढून खात नाही. ती राहते म्हणून कुणाला बियाण्याला, कुणाला बाळंतपणाला कर्ज मिळतं. मुद्दलच वाटून खाल्ली तर एक दिवस सण होतो, दुसऱ्या दिवशी गट मोडतो.

सुमिलॉनमध्ये नेमकं हेच झालं. आपोच्या लोकांना ज्या बेटाने धीर दिला त्या बेटाचीच राखण राजकारणाच्या भांडणात १९८४ साली मोडली. बंद भागात लोक शिरले, जाळी आली, सुरुंगही आले. आता विचार करा. पूर्वी तीन हिस्से खुले होते, आता चारही खुले झाले. जागा वाढली, म्हणजे मासे वाढायला हवे होते ना? दोन वर्षांतच बेटावरची एकूण मिळकत निम्म्याहून खाली आली. दहा वर्षं जमवलेली ठेव दोन वर्षांत संपली, आणि व्याजही थांबलं. बंद तुकडाच बाहेरच्यांना पोसत होता, हे तो मोडल्यावर सिद्ध झालं.

हे ऐकताना घाटावरच्या मैत्रिणींना आपल्या गावची आठवण आली असेल. डोंगराला चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली, गवत कापून न्यायला मोकळीक दिली, की काही वर्षांत गवत वाढतं आणि गोठ्यातलं दूधही वाढतं. पण एकाने रात्री शेळ्या सोडल्या की दुसरा म्हणतो, मग मीच का थांबू? देवराईतलं लाकूड आपल्या आजी-पणजीने तोडलं नाही. महाड तालुक्यात वाळण कोंड आहे, तिथल्या डोहातले मोठे मासे देवीचे म्हणून कुणी धरत नाही. राखणं आपल्याला नवीन नाही. समुद्रातही यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै बंदी असते, आणि नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय होडी लोटायची नाही ही रीत त्याहून जुनी. फरक एवढाच की ती काळाची बंदी आहे आणि आज आम्ही बोलतोय ती जागेची.

पण मैत्रिणींनो, नाण्याची दुसरी बाजू सांगितली नाही तर आम्ही तुम्हाला फसवल्यासारखं होईल.

पहिलं. हा उपाय खडपाला धरून राहणाऱ्या माशांसाठी आहे. बांगडा, तारली, सुरमई हे भटके मासे. आज इथे, उद्या पन्नास कोस लांब. छोटा तुकडा राखून त्यांची संख्या वाढेल असं कुणी म्हणत असेल तर पटवून घेऊ नका.

दुसरं. राखण वादळाला थांबवत नाही. २०११ आणि २०१२ सालच्या डिसेंबरांत आलेल्या दोन वादळांनी आपोच्या त्या राखलेल्या तुकड्यातल्या प्रवाळाचा चुराडा केला. पाणी तापलं की प्रवाळ पांढरा पडतो, त्यालाही राखणदार काही करू शकत नाही. म्हणून सगळी ठेव एका डब्यात ठेवू नये. एका मोठ्या तुकड्यापेक्षा चार गावांचे चार तुकडे असले तर एक गेला तरी तीन उरतात.

तिसरं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. नुसत्या फलकाने मासे वाढत नाहीत. २०१४ साली जगातल्या ४० देशांतली ८७ सागरी राखीव क्षेत्रं तपासून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्याहून जास्त क्षेत्रांत बाहेरच्या खुल्या जागेपेक्षा मासे फारसे वेगळे नव्हतेच. जिथे फरक पडला होता तिथे पाच गोष्टींपैकी चार-पाच जमून आल्या होत्या. मासेमारी पूर्ण बंद, राखण चोख, दहा वर्षांहून जुनी बंदी, मोठं क्षेत्र, आणि भोवती खोल पाणी किंवा वाळू असल्याने वेगळं पडलेलं खडप. यातली शेवटची गोष्ट निसर्गाच्या हातात. क्षेत्र किती मोठं ठेवायचं ते सरकार ठरवणार. पण पहिल्या तीन गोष्टी माणसांच्या हातातल्या आहेत, आणि गावाने मनावर घेतलं नाही तर त्या होत नाहीत.

आता आपल्या घरची गोष्ट. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा तीन चौरस किलोमीटरच्या थोडा वर. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड या गाभ्यात येतात. पण पहिल्यापासून मच्छीमारांचा विरोध राहिला. का राहिला, ते आम्ही सांगू शकतो, कारण ती भीती आमच्याही घरात आहे. अभयारण्य म्हटलं की माणसाला जंगलातून उठवलेली गावं आठवतात. कुठपर्यंत हद्द, काय बंद, काय चालू, कुणाला विचारायचं, हे ज्याच्या घरचं मीठ समुद्रातून येतं त्यालाच ठाऊक नसेल, तर तो राखणदार कसा होईल? तो वैरीच होणार.

आणि आणखी एक सल आहे. आम्ही छोटे मच्छीमार खडपाजवळचा गळ उचलू, पण पलीकडे पर्ससीन जाळी आणि एलईडी दिव्यांच्या बोटी रात्री येऊन ओरबाडून नेणार असतील तर आमच्या त्यागाला अर्थ काय? आपोमध्ये हे लोकांना आधीच उमगलं होतं. त्यांनी फक्त एक तुकडा बंद केला नाही, उरलेल्या नऊ हिस्स्यांत सुरुंग, विष आणि बाहेरच्या बोटी यांनाही मनाई केली आणि गावातल्याच माणसांची सागरी राखण बसवली. आतला तुकडा आणि बाहेरचा नियम या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आधाराने उभ्या राहिल्या.

आपोची पुढची गोष्टही शिकण्यासारखी आहे. मासे पाहायला पर्यटक येऊ लागले. शुल्क घेतलं जाऊ लागलं. बेटावरच्या बायकांनी जेवण, मुक्काम, कपडे विकणं असे उद्योग उभे केले, मुलं शहरात शिकायला गेली. मग १९९४ साली ते देशपातळीचं संरक्षित क्षेत्र झालं आणि निर्णय एका मोठ्या मंडळाकडे गेले. तेव्हापासून बेटावरून तक्रार होऊ लागली की आमच्या राखणीचा पैसा आमच्यापर्यंत यायला उशीर होतो आणि आमचा शब्द पूर्वीसारखा चालत नाही. ज्यांनी रोप लावलं त्यांनाच फळासाठी अर्ज करावा लागला. हे आपल्याला नवीन नाही, बायांनो.

इथे बायकांचं म्हणून एक बोलायचं आहे. बंद करायला जागा निवडताना नकाशावर बोट कुठे पडतं? बहुतेकदा किनाऱ्याजवळच्या खडपावर, कारण तिथे राखण सोपी. पण तेच खडप आमचं असतं. पुरुष होडीने दुसरीकडे जाऊ शकतो. ओहोटीला कोयती आणि टोपली घेऊन चालत जाणारी बाई कुठे जाणार? कालवं, खुबे, तिसऱ्या हे तिच्या नावावरचं उत्पन्न, नवऱ्याच्या नाही. सभेला मात्र होडीवाल्यांना बोलावतात, कारण कागदावर मच्छीमार म्हणजे होडीचा मालक. म्हणून पहिल्या वर्षाचा तोटा कुणाच्या ताटातून जातो हे विचारल्याशिवाय जागा ठरवू नये. आमच्या काकींनी विचारलं ते नेमकं हेच होतं. त्या समुद्र राखायच्या विरोधात नव्हत्या. दहा वर्षांनी व्याज मिळणार असेल तर तोवर काय, एवढंच त्या विचारत होत्या.

यालाही आपल्याकडे जुनं उत्तर आहे. रापण लावणाऱ्या गावात नियम असतो, ज्याने दोर ओढला त्याला वाटा. मालक एकटा खात नाही. राखीव खडपालाही तोच नियम लावायला हवा. जो मासेमारी थांबवतो तो दोर ओढतो. जी कालवं काढायची जागा सोडते तीही दोर ओढते. मग पर्यटकांच्या शुल्कात तिचा वाटा, राखणीच्या कामात तिला रोजगार, समितीत तिची खुर्ची. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका होडीतून पाहुण्यांना कांदळवन दाखवतात, वल्हं त्यांच्याच हातात असतं. बाईला समुद्राच्या राखणीतून मिळकत होऊ शकते हे आपल्याच जिल्ह्यात दिसलं आहे.

म्हणून तुमच्या गावात असा प्रस्ताव आला, मग तो समुद्राचा असो, डोहाचा असो की डोंगराचा, तर गटाने एकत्र जाऊन पाच गोष्टी विचाराव्यात.

एक, नेमका किती तुकडा बंद आणि किती खुला, ते किनाऱ्यावर उभं राहून दाखवा.

दोन, ही जागा कुणी निवडली, आणि तिथे आज पोट कोण भरतं, पायी जाणाऱ्या बायकांसकट?

तीन, पहिल्या पाच वर्षांचा तोटा कसा भरून निघणार, ते लिहून द्या.

चार, राखण कोण करणार, आणि बाहेरच्या मोठ्या बोटीलाही तोच नियम लागणार का?

पाच, दरवर्षी मासे मोजणार कोण, आणि तो आकडा गावाला वाचून दाखवणार का?

या पाच प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली तर एक कोपरा राखून पाहायला हरकत नाही असं आमच्या गटाचं मत झालं आहे. नाही मिळाली, तर फलक लागेल, उद्घाटन होईल, फोटो निघतील आणि वाट्यातले मासे आणखी बारीक होत जातील.

आम्ही स्वतःपुरतं एक सुरू केलं आहे. लिलावात खडपातला मासा घेताना आम्ही दोन गोष्टी वहीत लिहितो, कुठली जात आणि हाताच्या मापाने किती लांब. फूटपट्टी लागत नाही, वीत आणि चार बोटं पुरतात. अगदी बारीक तांबोशी आली तर विकत घ्यायची नाही असंही ठरवलं. पहिल्या आठवड्यात दोघींचं नुकसान झालं, ते गटाने वाटून घेतलं. पुढच्या सभेत नकाशा उलगडला जाईल तेव्हा आमच्याकडेही दाखवायला आमची वही असेल.

काकी आता वहीसाठी रोज मासा मापून देतात. परवा म्हणाल्या, “एक कोपरो ऱ्हवांदे. पण राखणेक माका बसवा, मी कोणाक सोडूचंय नाय.” म्हणजे, एक कोपरा राहू दे, पण राखणीला मला बसवा, मी कुणाला सोडणार नाही. आपोच्या किनाऱ्यावरही राखणीला एकच माणूस पुरत होता. आमच्या किनाऱ्यावर त्या जागी काकी बसल्या तर ती ठेव सुरक्षित हातात राहील, याची आम्हाला खात्री आहे.

तुमच्या गावात काही राखलं गेलं असेल, तळं, राई, गवताचा माळ, तर तो अनुभव आम्हाला नक्की कळवा. कसं राखलं, कुठे मोडलं, कोणी सांभाळलं. पुढच्या वेळी तुमची गोष्ट वाचून दाखवू.